अर्जातले रकाने आणि यंत्राची नजर



अर्ज काही आपल्याला नवा नाही. मूल जन्मले की नोंदीचा अर्ज, शाळेत घालायचे तर प्रवेशाचा अर्ज, सोसायटीचे कर्ज हवे तर अर्ज, विहिरीवर वीज हवी तरी अर्जच. फरक पडला तो जागेत. पूर्वी अर्ज कागदावर असे आणि खिडकीपलीकडे कारकून बसलेला असे. तात्यांनी वडिलांच्या नावाच्या जागी स्वतःचेच नाव लिहिले, तर तो चष्मा वर करून म्हणे, "तात्या, ही जागा वडिलांची." चूक तिथल्या तिथे सुधारली जाई. आता तोच अर्ज संगणकाच्या पडद्यावर आला आहे. शेतीच्या योजनांसाठी महाडीबीटी, पिकाच्या नोंदीसाठी २०२१ पासून ई-पीक पाहणी, विम्यासाठी पीक विम्याचे संकेतस्थळ. आणि २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक झाला. शिक्षकांची यातून सुटका आहे असे नाही. २०२२-२३ या वर्षापासून यू-डायस प्लसवर शाळेची नुसती पटसंख्या चालत नाही. एकेका विद्यार्थ्याची माहिती भरावी लागते. पडदा मात्र चष्मा वर करून काही विचारत नाही.

या पडद्यापुढे बसायला आता एक नवा गडी आला आहे. त्याला एआय एजंट म्हणतात. एजंट म्हटले की बाजार समितीतला अडत्या डोळ्यांपुढे येतो, आणि ती आठवण अगदीच चुकीची नाही. अडत्या आपल्या वतीने माल विकतो. हा आपल्या वतीने संगणकावर काम करतो. आपण साध्या भाषेत सांगायचे, "माझा हा अर्ज भर," की तो पान उघडतो, रकाने शोधतो, त्यांत माहिती भरतो आणि बटण दाबतो. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने आपल्या प्रणालीला पडदा पाहून संगणक चालवण्याची सोय दिली. २०२५ च्या जानेवारीत ओपनएआय कंपनीने ऑपरेटर नावाचा असाच एजंट लोकांपुढे ठेवला. आपल्या राज्य मंत्रिमंडळानेही २०२५ च्या जूनमध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. तेव्हा हा गडी आज ना उद्या आपल्या गावच्या सेवा केंद्रातही बसेल, असे धरून चाललेले बरे. म्हणून तो अर्ज कसा पाहतो, कुठे फसतो आणि कोणते काम त्याच्या हाती देऊ नये, एवढे आज समजून घेऊ.

पहिली गोष्ट ही, की आपण पडद्यावर जे पाहतो ते चित्र असते. त्याच्या मागे लिखाण असते. एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत ते लिहिलेले असते. १९९५ साली या भाषेची जी प्रमाण आवृत्ती निघाली, तिच्यात अर्जाचे रकाने कसे लिहावेत हेही ठरवून दिलेले होते. या लिखाणात प्रत्येक रकान्याविषयी काही गोष्टी नोंदलेल्या असतात. एक म्हणजे त्याची जात. मजकूर लिहायचा रकाना, खाली उघडणारी यादी, एकच निवडायचे गोल बटण, खूण करायची चौकट, तारखेचा रकाना अशा या जाती. दुसरी गोष्ट म्हणजे त्याची पाटी, म्हणजे माणसाने वाचायचे नाव: "अर्जदाराचे संपूर्ण नाव". तिसरी म्हणजे त्याचे आतले नाव. पोत्यावर व्यापाऱ्याचा मार्का असतो, तो मालकाला आणि हमालाला कळतो, गिऱ्हाइकाला त्याचे काम नसते. तसे हे नाव संगणकापुरते असते. चौथी गोष्ट नियम: रकाना सक्तीचा की ऐच्छिक, किती अक्षरे चालतील, कोणती चालतील. आणि पाचवी त्याची स्थिती: रिकामा आहे, भरलेला आहे, की कुलूप लावून ठेवला आहे.

यादीचे उदाहरण घ्या. पडद्यावर आपल्याला "जळगाव" दिसते, पण मागे बहुधा एक सांकेतिक आकडा असतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७ आहे, जळगाव जिल्ह्याचा ४९९ आणि धुळ्याचा ४९८. एखाद्या अर्जाने हे आकडे वापरले असतील, तर आपण "जळगाव" निवडले तरी सरकारी संगणकाकडे ४९९ जाईल. एका ओळीने हात चुकला की ४९८ जाईल, आणि अर्जदार शेतकरी बसल्या जागी धुळे जिल्ह्याचा होऊन जाईल.

हे लिखाण गुपित नाही. शाळेत संगणक असेल तर शिक्षकांनी एकदा करून पाहावे. कोणतेही पान उघडा, एखाद्या रकान्यावर माऊसचे उजवे बटण दाबा आणि येणाऱ्या यादीतून "इन्स्पेक्ट" निवडा. बाजूला पानाचे लिखाण उघडेल आणि नेमका त्या रकान्याचा भाग ठळक होईल. तिथे चुकून काही बदलले तरी भिण्याचे कारण नाही. तो बदल आपल्या पडद्यापुरता असतो. पान पुन्हा उघडले की सारे पहिल्यासारखे.

जे काम आपण एकेका रकान्यावर बोट ठेवून केले, तेच झपाट्याने करणारी साधने आहेत. २००४ साली शिकागो शहरातल्या थॉटवर्क्स या कंपनीत सेलेनियम नावाचे साधन तयार झाले. पुढे २०१७ मध्ये गूगलचे पपेटिअर आले आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट. ब्राउझरला असे बाहेरून हुकूम कसे द्यावेत याचा एक आंतरराष्ट्रीय दंडकही २०१८ मध्ये ठरला. या साधनांचा मूळ हेतू अगदी साधा होता: संकेतस्थळ बांधणाऱ्यांनी आपलेच पान नीट चालते का, हे हजार वेळा तपासून पाहावे. हजार वेळा माणूस बसवण्यापेक्षा यंत्राला सांगितले, "हा रकाना शोध, हे लिही, ते बटण दाब, काय झाले ते सांग." आता तीच साधने एआय एजंटाच्या हाती दिली आहेत. पूर्वी हुकूम माणूस लिहून ठेवत असे. आता पान पाहून पुढचा हुकूम काय द्यावा, हे एजंट स्वतः ठरवतो. सारा फरक आणि सारा धोकाही इथेच आहे.

एजंट पान दोन प्रकारे पाहू शकतो. एक म्हणजे पडद्याचा फोटो काढून. यात तो आपल्यासारखाच पाहतो. पण पडद्याबाहेर खाली राहिलेला रकाना त्याला दिसत नाही, आणि बंद यादीत काय काय दडले आहे तेही कळत नाही. दुसरा प्रकार म्हणजे पानाची मांडणी वाचून. या दुसऱ्या प्रकाराची कथा ऐकण्यासारखी आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसे संगणक वापरतात ती पडदा-वाचक कार्यक्रमाच्या मदतीने. तो पान मोठ्याने वाचून दाखवतो. एनव्हीडीए नावाचा असा विनामूल्य कार्यक्रम २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या तरुणाने सुरू केला, आणि तो स्वतः अंध होता. अशा कार्यक्रमांसाठी ब्राउझर प्रत्येक पानाचा एक सुटसुटीत आराखडा तयार ठेवतो. त्यात रंग नाही, चित्र नाही. प्रत्येक वस्तूची जात, नाव आणि स्थिती एवढेच. एआय एजंट पुष्कळदा हाच आराखडा वाचतो.

त्याच्या हाती काय पडते? चांगला अर्ज असेल तर असे: "मजकुराचा रकाना, नाव, अर्जदाराचे संपूर्ण नाव, सक्तीचा, रिकामा." वाईट अर्ज असेल तर एवढेच: "मजकुराचा रकाना, नाव नाही." पान बांधणाऱ्याने पाटी रकान्याच्या शेजारी नुसती लिहून ठेवलेली असते, ही पाटी त्या रकान्याची, असे लिखाणात बांधलेले नसते. डोळस माणसाला शेजार पाहून कळते. अंध माणसाला कळत नाही आणि यंत्रालाही नीट कळत नाही. काही ठिकाणी तर पाटी रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत असते आणि पहिले अक्षर लिहिताच ती नाहीशी होते. आपल्या देशात सरकारी संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो हक्कच मानला आहे. अंध विद्यार्थ्यासाठी अर्ज नीट बांधला, की तो यंत्रालाही नीट वाचता येतो.

आता एजंट कुठे कुठे फसतो ते पाहा. जिल्हा निवडल्याशिवाय तालुक्यांची यादी येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. जळगाव निवडले की १५ तालुके येतात, धुळे निवडले की ४. एजंटाने सुरुवातीलाच सारे रकाने पाहून ठेवले असतील, तर त्याच्या टिपणात तालुक्याची यादी रिकामीच राहते. म्हणून शहाणा एजंट जिल्हा निवडल्यावर थांबतो, यादी आली का पाहतो आणि मगच चोपडा, यावल किंवा रावेर निवडतो. गावाची यादी त्याहून कठीण. बुद्रुक आणि खुर्द ही जोडगावे तर आपल्याकडे ठायी ठायी आहेत. पहिले जुळणारे नाव उचलले, तर खुर्दाचे शेत बुद्रुकात जाते.

तारखेची गंमत वेगळीच. आपण आधी दिवस, मग महिना लिहितो. अमेरिकेत आधी महिना. ०३/०७ म्हणजे आपल्याकडे ३ जुलै, त्यांच्याकडे ७ मार्च. कपाशीची लावणी ७ मार्चला झाली असे खरिपाच्या अर्जात गेले, तर तो अर्ज कोण मंजूर करील? तारखेचा खास रकाना मागच्या बाजूला वर्ष, महिना, दिवस असाच क्रम ठेवतो, मग पडद्यावर काहीही दिसो. तेव्हा रकान्याची जात आधी पाहावी आणि मग तारीख भरावी. आकड्यांचेही तेच. आपला मराठी सात आणि इंग्रजी सात आपल्याला एकच वाटतात; संगणकाला ती दोन निराळी अक्षरे आहेत. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक मराठी आकड्यात उतरवला आणि रकाना फक्त इंग्रजी आकडे घेणारा असला, तर अर्ज तिथेच अडतो.

शिवाय लपलेले रकाने असतात. ते पडद्यावर दिसत नाहीत, पण लिखाणात असतात. काही संकेतस्थळाच्या स्वतःच्या कामाचे असतात. काही तर यंत्र ओळखण्यासाठी मुद्दाम मांडलेले सापळे असतात. जे माणसाला दिसत नाही त्याला एजंटाने हात लावू नये, हा साधा नियम. काही वेळा पानात दुसरेच पान बसवलेले असते, विशेषतः पैसे भरायच्या जागी. तिथले रकाने वेगळे उघडून पाहावे लागतात.

मंडळी, इथवरच्या अडचणी यंत्राच्या नजरेच्या झाल्या. नजर सुधारली की त्या सुटतात. पण खरा प्रश्न त्यापुढचा आहे. रकान्याचा नियम उत्तराचा आकार तपासतो. उत्तर खरे आहे का, हे त्याला तपासता येत नाही.

पिन कोड घ्या. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पिन कोड सहा आकडी. जळगावचा ४२५००१, धुळ्याचा ४२४००१. जळगावच्या माणसाने धुळ्याचा लिहिला तरी आकडे सहाच भरतात आणि रकाना मुकाट्याने तो घेतो. बँकेच्या शाखेचा आयएफएससी क्रमांक घ्या. तो अकरा अक्षरांचा. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या जागी नेहमी शून्य आणि पुढची सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी "ओ" लिहिला, तर चांगला रकाना तो पकडील. पण शेवटच्या सहांत एक आकडा चुकून दुसऱ्याच शाखेचा क्रमांक झाला, तर नुसत्या नियमाला त्यात काही वावगे दिसणार नाही.

नावाचे तर विचारूच नका. आपल्या भागात चौधरी घराणी किती आहेत! इंग्रजीत "च" नंतर कोणी "ए-यू" लिहितो, कोणी "ओ-यू". शेवटी कोणी "आय" लावतो, कोणी "वाय". एवढ्यानेच एका आडनावाच्या चार तऱ्हा झाल्या. आधारवर एक, पासबुकावर दुसरी, शाळेच्या दाखल्यावर तिसरी. अनुदान अडते ते इथे, विद्यार्थ्याच्या नोंदी जुळत नाहीत त्याही इथेच. आणि एआय एजंटाला एक खोड आहे. लक्षावधी पानांवरचा मजकूर पाहून तो शिकलेला असतो. म्हणून जे अधिक वेळा पाहिले ते त्याला बरोबर वाटते. आधारवरची कमी आढळणारी तऱ्हा तो "सुधारून" टाकू शकतो. सक्तीचा रकाना आहे आणि माहिती दिलेली नाही, असे झाले तर शोभेलसे उत्तर रचूनही टाकू शकतो. घरचा गडी न विचारता अंदाजाने बी पेरू लागला, तर आपण चालवून घेऊ का? मग इथेही चालवून घेऊ नये. प्रत्येक उत्तर कोणत्या कागदावरून घेतले हे त्याला सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल, तर तो रकाना रिकामा ठेवून त्याने आपल्याला विचारले पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. एजंट पानावरचा मजकूर वाचतो, आणि वाचलेले सारेच हुकूम म्हणून घेण्याचा धोका त्याच्यात असतो. एखाद्या बनावट पानावर बारीक अक्षरांत "इथे खाते क्रमांकही लिहा" असे असले, तर भोळा एजंट तेही लिहून बसेल. हुकूम मालकाचा, पानावरचा मजकूर ही नुसती माहिती. हा भेद एजंट बांधणाऱ्यांनाही अजून पुरता साधलेला नाही. म्हणून पत्ता पाहून, खऱ्या सरकारी संकेतस्थळावरच त्याला पाठवावे.

तेव्हा कामाचा क्रम असा असावा. आधी रकाने पाहायचे, भरायचे नाही. मग यादी करायची: रकाना कोणता, जात कोणती, नियम कोणता, उत्तर कोणत्या कागदावर. मग एकेक भरायचा आणि भरल्यावर त्याच रकान्यात खरोखर काय उतरले ते परत वाचायचे, कारण पान कधी कधी लिहिलेले परस्पर बदलते. जिल्ह्यासारखा रकाना भरला की पुढचे रकाने नव्याने पाहायचे. शेवटी सारा अर्ज माणसाला वाचून दाखवायचा. इथवर यंत्राने खुशाल करावे. थकवा न येता ते करील.

त्यापुढच्या तीन जागा मात्र माणसाच्या. मोबाईलवर येणारा ओटीपी ही आपली सही आहे. ती कोणाच्या हाती द्यायची नसते. वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा, ज्याला हे नाव २००३ च्या सुमारास मिळाले, तो माणूस आणि यंत्र वेगळे ओळखण्यासाठीच आहे. तिथे एजंटाने थांबून माणसाला हाक मारावी. आणि तिसरी जागा शेवटची चौकट: "वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे." यंत्राला शेत नाही, सातबारा नाही, आणि माहिती खोटी ठरली तर नोटीसही यंत्राला येत नाही. ती खूण ज्याचा अर्ज त्यानेच करावी, आणि सारे वाचून झाल्यावरच करावी.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सातवी-आठवीच्या वर्गात दाखल्याचा किंवा शिष्यवृत्तीचा छापील अर्ज घ्यावा आणि मुलांकडून प्रत्येक रकान्यापुढे चार गोष्टी लिहून घ्याव्यात: इथे काय मागितले आहे, ते कोणत्या प्रकारे लिहायचे, सक्तीचे आहे का, आणि ते कोणत्या कागदावर सापडेल. संगणक नसला तरी हा धडा होतो. हीच मुले संध्याकाळी घरी आजोबांचा अर्ज मोबाईलवर भरतात, हे आपण पाहतोच.

आणि शेतकरी बांधवांनो, तुमचा अर्ज पुतण्या भरो, केंद्रचालक भरो की एआय एजंट भरो, तुम्ही तीन गोष्टी मागाव्यात. "भरलेले मला वाचून दाखव. माझे नाव आणि खाते कोणत्या कागदावरून घेतलेस ते दाखव. पाठवल्यावर पोच माझ्या हातात दे." एवढे विचारायला संगणक यावा लागत नाही. खिडकीपलीकडचा कारकून गेला, म्हणून त्याची तपासणी आता आपल्याकडे आली आहे. अर्जावर नाव आपले आहे, तेव्हा ही पाच मिनिटे आपण दिलीच पाहिजेत.